घरबसल्या डीएनए चाचणी: लाळेच्या नळीपासून पणजोबांच्या नावापर्यंत

बहुतेक लोक डीएनए किट मागवतात ते रंगीत नकाशासाठी. अमुक टक्के इकडचे, तमुक टक्के तिकडचे असा आलेख येतो, दोन दिवस घरच्यांना दाखवून होतो आणि पुढे खात्याचा पासवर्डही आठवत नाही. पूर्वज शोधायचे असतील तर तो नकाशा हा सगळ्यांत कच्चा पुरावा. पक्का पुरावा त्याच खात्यात, शेजारच्या पानावर, नातेवाइकांच्या एका लांबलचक आणि दिसायला कंटाळवाण्या यादीत असतो. त्या यादीपर्यंत नीट कसं पोचायचं आणि तिथे पोचल्यावर काय करायचं, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: आधी प्रश्न लिहून काढा

"माझं मूळ काय?" या प्रश्नाला कोणतीच चाचणी धड उत्तर देत नाही. "आजोबांचे वडील कोण होते?", "आईला दत्तक घेतलं होतं, तिचे जन्मदाते कोण?", "आमच्याच आडनावाचं ते दुसरं घराणं आमच्या भाऊबंदांपैकी आहे का?" हे चालणारे प्रश्न. प्रश्न असा ठरला की कुणाची चाचणी करायची, कोणती करायची आणि कुठे थांबायचं, हे बऱ्यापैकी आपोआप ठरतं.

डीएनए काय सांगत नाही तेही आधीच समजून घ्या. तो नाव सांगत नाही, आडनाव सांगत नाही, गाव सांगत नाही, धर्म किंवा जातही सांगत नाही. दोन माणसांच्या डीएनएमध्ये किती भाग सारखा आहे एवढंच तो सांगतो. बाकी सगळं कागदपत्रं आणि माणसांच्या आठवणी यांतून यायचं असतं. म्हणून किट घरी येण्याआधीच एक साधी वंशावळ मांडा. आई-वडील, आजी-आजोबा चारही, पणजी-पणजोबा आठही, आणि या प्रत्येकाची भावंडं. भावंडं मुद्दाम म्हणतोय, कारण लोक सरळ वरच्या ओळीतली नावं लिहितात आणि थांबतात. यादीत जे अनोळखी नातेवाईक सापडणार आहेत ते या भावंडांचेच वंशज असतात. जिथे नाव माहीत नाही तिथे चौकट रिकामी ठेवा, पण चौकट काढा.

पायरी २: घरात बोलून घ्या

ही पायरी लोक सर्रास गाळतात. मानलेले वडील जन्मदाते नाहीत, कुणाला दत्तक घेतलं होतं, कुणाचा जन्म दात्याच्या शुक्राणूंपासून झाला, एखादं सावत्र भावंड अस्तित्वात आहे, अशा गोष्टी या चाचण्यांमधून नेहमी बाहेर येतात. कंपनीला तुमच्या घरात काय सांगितलं गेलंय आणि काय लपवलंय याची कल्पना नसते. ती यादी लावते आणि मोकळी होते.

दुसरं म्हणजे, तुमच्या डीएनएचा निम्मा भाग भावाशी किंवा बहिणीशी जुळतो. तुम्ही नमुना दिलात की थोडाफार त्यांचाही दिला गेला. परवानगीचा कागद कुणी मागत नाही, पण जवळच्यांना आधी सांगून ठेवणं बरं. आणि एखाद्या म्हाताऱ्या माणसाची चाचणी करून घेणार असाल तर काय काय निघू शकतं हे त्यांना साध्या शब्दांत सांगा. "गंमत म्हणून थुंका यात" एवढ्यावर भागवू नका.

पायरी ३: सगळ्यांत मोठ्या पिढीपासून सुरुवात करा

घरात एकच किट घ्यायचं ठरलं असेल आणि आजी हयात असेल, तर ते आजीसाठी घ्या, स्वतःसाठी नको. कारण साधं आहे. प्रत्येक मूल आई-वडिलांकडून निम्मा-निम्मा डीएनए घेतं आणि उरलेला निम्मा त्या मुलापुरता कायमचा निसटतो. आजीकडून तुमच्यात सरासरी २५ टक्के आलेत, पणजीकडून साडेबारा. तुमच्या नमुन्यात पणजोबांचा जो माग अगदी पुसट असेल, तो आजीच्या नमुन्यात ठळक दिसतो. जितकं मागे जाल तितकी ही घसरण वाढत जाते. दहा पिढ्या मागे कागदावर १,०२४ पूर्वज येतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा एक कणही तुमच्या शरीरात उरलेला नसतो. ते तुमचे पूर्वज असतात, पण डीएनएत सापडत नाहीत.

आई-वडील हयात नसतील तर भावंडांच्या चाचण्या करा. प्रत्येक भावंडाच्या वाट्याला आई-वडिलांचा वेगवेगळा निम्मा भाग येतो. दोन भावंडं मिळून आई-वडिलांचा सरासरी ७५ टक्के डीएनए हाती लागतो, तीन मिळून साडेसत्याऐंशी. काका, आत्या, मामा, मावशी यांच्यापैकी कुणी तयार असेल तर उत्तमच. उलट, आई आणि वडील दोघांचीही चाचणी झाली असेल तर तुमच्या स्वतःच्या चाचणीने पूर्वजांच्या शोधात फारशी भर पडत नाही. तुमच्यात जे आहे ते सगळं त्यांच्यात आहेच.

एक अपवाद सांगून ठेवतो. ज्यांच्यावर दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालंय त्यांची लाळ देऊ नका. तिच्यात दात्याच्या पेशी मिसळलेल्या असतात आणि नमुना बाद होतो किंवा निकाल दात्याचा येतो.

पायरी ४: तीन चाचण्यांपैकी कोणती?

पहिली ऑटोसोमल चाचणी. गुणसूत्रांच्या २३ जोड्यांपैकी लिंग ठरवणारी जोडी सोडून उरलेल्या २२ जोड्या ती मुख्यतः वाचते. "वाचते" म्हणजे सुमारे तीन अब्ज अक्षरांपैकी निवडक सहा-सात लाख जागा तपासते. माणसामाणसांत जिथे फरक आढळतो अशा या जागा. आईच्या आणि वडिलांच्या सगळ्या शाखा या चाचणीत येतात, पण खात्रीचा पल्ला पाच-सहा पिढ्यांपलीकडे जात नाही. नवख्या माणसाने हीच घ्यावी.

दुसरी वाय गुणसूत्राची. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, म्हणून ही चाचणी फक्त पुरुषांची होते आणि एकच ओळ दाखवते: वडील, त्यांचे वडील, त्यांचे वडील. बाईला ही ओळ शोधायची असेल तर वडील, सख्खा भाऊ किंवा सख्खा काका यांचा नमुना लागतो. एकाच आडनावाची दोन घराणी मुळात एक आहेत का, या प्रश्नाला हीच चाचणी योग्य.

तिसरी मायटोकाँड्रियाची, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या भागाची. हा १६,५६९ अक्षरांचा छोटा गोलाकार डीएनए आई सगळ्या मुलांना देते, पण पुढे फक्त मुलीच तो चालवतात. चाचणी स्त्री-पुरुष कुणीही करू शकतं. आईची आई, तिची आई अशी ओळ ती दाखवते. बदल इतके सावकाश होतात की पूर्ण जुळणारी व्यक्तीसुद्धा हजारभर वर्षांपूर्वीच्या पूर्वज बाईमार्फत जोडलेली असू शकते. म्हणून नेमका माणूस शोधायला ती सहसा कामाची नाही. दोन जण एकाच बाईच्या मुलींच्या ओळीतले आहेत का, एवढं पडताळायला मात्र छान.

शेवटच्या दोन्ही चाचण्यांत "हॅप्लोग्रुप" नावाचा एक वंशगट मिळतो: आर१ए, जे२, एम, यू वगैरे. त्यावरून लोक फार मोठमोठ्या कथा रचतात. आर१ए हा पितृवंशगट पूर्व युरोपापासून दक्षिण आशियापर्यंत पसरलेला आहे, एम हा मातृवंशगट दक्षिण आशियात सर्वाधिक आढळतो. एवढ्या मोठ्या छत्रीखाली उभं राहून "आम्ही अमक्या राजाचे वंशज" म्हणणं धाडसाचंच.

पायरी ५: कंपनी

नातेवाईक शोधायचे असतील तर तुमचे नातेवाईक जिथे आधीच आहेत ती कंपनी चांगली. अ‍ॅन्सेस्ट्री २०१२ पासून या चाचण्या विकते आणि तिच्याकडे अडीच कोटींहून जास्त नमुने आहेत, म्हणजे या क्षेत्रात सर्वांत जास्त. ट्वेंटीथ्री अँड मी २००६ साली स्थापन झाली. मायहेरिटेजची चाचणी २०१६ मध्ये आली. फॅमिलीट्रीडीएनए या सगळ्यांत जुनी, वाय आणि मायटोकाँड्रियाच्या सखोल चाचण्यांसाठी मुख्यतः तिच्याकडेच जावं लागतं. कंपनी तुमच्या देशात किट पाठवते का आणि तिथला कायदा काय म्हणतो हे आधी पाहा. फ्रान्समध्ये तर अशा घरगुती चाचण्यांना कायद्याने बंदीच आहे.

एकदा चाचणी झाली की कच्च्या डेटाची फाइल उतरवून घेता येते आणि ती फॅमिलीट्रीडीएनए किंवा जीईडीमॅच (वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाइली एकमेकांशी ताडून पाहणारी साइट) अशा ठिकाणी चढवता येते. अ‍ॅन्सेस्ट्री मात्र बाहेरची फाइल घेत नाही. म्हणून मोठ्या यादीत जायचं असेल तर चाचणी तिथे करून फाइल इतरत्र नेणं हा शहाणपणाचा क्रम.

पायरी ६: नमुना

डबा उघडला की आधी आतल्या क्रमांकाची नोंदणी करा, मग थुंका. हा क्रम उलटा झाला आणि क्रमांकाचा कागद हरवला तर नळी कुणाची हे प्रयोगशाळेला कळायला मार्ग नाही. घरात दोघांची किटं एकाच वेळी आली असतील तर एकाचं पूर्ण पाकीटबंद होईपर्यंत दुसऱ्याचं उघडू नका.

नमुन्याआधी अर्धा तास खाणं, पिणं, सिगारेट, च्युइंगम सगळं बंद. लाळेची नळी दिसायला चिमुकली असते, पण भरताना दमवते. रेषेपर्यंत द्रव आला पाहिजे. वरचा फेस धरायचा नाही. लोक फसतात ते इथेच: नळी भरलेली दिसते, टिचकी मारली की फेस बसतो आणि पातळी अर्ध्यावर येते. तोंड कोरडं पडलं तर गाल बाहेरून चोळा, जीभ आतल्या बाजूने फिरवा, काहीतरी आंबट आठवा. घाई नको, दहा मिनिटं लागली तरी चालतात. मग झाकण घट्ट लावलं की त्यातला द्रव नळीत उतरतो. तो नमुना टिकवण्यासाठी असतो, सांडू देऊ नका. नळी काही सेकंद हलवा, पिशवीत घाला, पाकीट बंद करा.

मायहेरिटेज आणि फॅमिलीट्रीडीएनए लाळेऐवजी गालाच्या आतून फिरवायचे बोळे देतात. वयस्कर माणसांना हे सोपं जातं, कारण औषधांमुळे त्यांचं तोंड बऱ्याचदा कोरडं असतं. बोळा नुसता टेकवू नका, सांगितलेला वेळ पूर्ण होईपर्यंत जोर देऊन घासा. निकाल यायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात.

पायरी ७: वाट पाहताना सेटिंग लावा

खात्यात चार गोष्टी बघा: नातेवाइकांच्या यादीत दिसायचं की नाही, संशोधनासाठी डेटा द्यायचा की नाही, नमुना जपून ठेवायचा की नष्ट करायचा, आणि पोलिसांच्या शोधात सामील व्हायचं की नाही. पहिली सुरू ठेवल्याशिवाय शोधाचं काम होत नाही. संशोधनाची संमती वेगळी असते आणि ती नाकारली तरी निकाल मिळतो. नाव पूर्ण द्यायची गरज नाही, आद्याक्षरं चालतात.

पोलिसांचा मुद्दा काल्पनिक नाही. २०१८ च्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात "गोल्डन स्टेट किलर" म्हणून कुप्रसिद्ध असलेला जोसेफ डीअँजेलो पकडला गेला तो त्याच्या दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएवरून. त्या तपासात जीईडीमॅचचा वापर झाला होता. पुढच्याच वर्षी जीईडीमॅचने नियम बदलला आणि वापरणाऱ्याने स्वतःहून होकार दिला तरच त्याचा डेटा अशा शोधात येईल असं ठरवलं. होकार द्यायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण खूण कुठे आहे ते बघून ठरवा.

पासवर्ड नवा ठेवा आणि द्विस्तरीय पडताळणी सुरू करा. ट्वेंटीथ्री अँड मीवर २०२३ मध्ये जो हल्ला झाला त्यात चोरांनी कंपनीचं कुलूप फोडलं नव्हतं. लोकांनी दुसऱ्या साइटवर वापरलेले, आधीच फुटलेले पासवर्ड त्यांनी इथे लावून पाहिले. अशी सुमारे १४,००० खाती उघडली, आणि नातेवाइकांच्या यादीमुळे त्यांतून जवळपास ६९ लाख लोकांची माहिती गेली. हीच कंपनी मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली. कंपनी विकली जाते तेव्हा तुमचा डेटा तिची मालमत्ता म्हणून सोबत जाऊ शकतो, हे गृहीत धरूनच पुढे जा.

पायरी ८: टक्केवारी बघा आणि पुढे चला

निकाल आला की नकाशा पाहाच, मनाई नाही. फक्त तो कसा बनतो ते ठाऊक असू द्या. कंपनीकडे संदर्भगट असतात: ज्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या एकाच भागात राहिले अशा माणसांचे नमुने. तुमच्या डीएनएचा प्रत्येक तुकडा या गटांशी ताडून "कोणाशी जास्त जुळतो" असं विचारलं जातं. म्हणजे उत्तर आजच्या माणसांशी तुलना करून येतं, पूर्वजांच्या नोंदींतून येत नाही. आणि जो गट संदर्भात नाही त्याचं नाव उत्तरात येणारच नाही, शेजारच्या गटाचं येईल.

माणसामाणसांतले जनुकीय फरक नोंदणारा "थाउजंड जीनोम्स" हा सार्वजनिक प्रकल्प २०१५ मध्ये पूर्ण झाला. त्यात जगभरातल्या २६ समूहांतले २,५०४ लोक होते. संपूर्ण दक्षिण आशियासाठी त्यांत पाच समूह: ह्यूस्टनमधले गुजराती, लाहोरमधले पंजाबी, बांगलादेशातले बंगाली, आणि ब्रिटनमधले तेलुगू व श्रीलंकन तमिळ. कंपन्यांकडे स्वतःचे आणखी नमुने असतात, तरी युरोपाचे बारीक-बारीक तुकडे पाडणारा नकाशा इतर खंडांवर मोठे मोठे ठिपके का देतो, ते यावरून समजेल.

कंपनीने संदर्भगट वाढवले की तुमची टक्केवारीही बदलते. गेल्या वर्षीचे आठ टक्के यंदा गायब होतात. तुमचा डीएनए होता तसाच आहे, मोजपट्टी बदलली. सख्ख्या भावंडांची टक्केवारी वेगळी येणंही स्वाभाविक आहे. पत्त्यांच्या एकाच जोडातून दोघांना निम्मी निम्मी पानं वाटली, पुन्हा सगळी गोळा करून पिसली, तर हात सारखे येत नाहीत, तसंच हे. त्यावरून सख्खे-सावत्र ठरवू नका, ते पुढच्या यादीवरून ठरतं. एक-दोन टक्क्यांच्या परक्या नोंदीवर तर काहीच बांधू नका. असे आकडे बऱ्याचदा निव्वळ गोंगाट असतात. खंडाच्या पातळीवर निकाल भरवशाचा, प्रांताच्या पातळीवर अंदाजाचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पायरी ९: नातेवाइकांची यादी

आता खरं काम. यादीत प्रत्येक नावापुढे एक आकडा असतो, सेंटीमॉर्गनमध्ये. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ थॉमस हंट मॉर्गन यांच्या नावावरून हे एकक आलं. दोघांच्या डीएनएत सारखा असलेला भाग किती, हे ते सांगतं. नात्याचं जे नाव कंपनी लावते ते अंदाजाचं असतं. तुम्ही आकडा बघा.

साधारण मापं अशी. आई-वडील आणि मूल: सुमारे ३,४०० किंवा त्याहून थोडे जास्त. सख्खी भावंडं: सुमारे २,६००. आजी-आजोबा, सख्खे काका-मामा-आत्या-मावशी आणि एकाच पालकाची सावत्र भावंडं: तिन्ही १,७५० च्या आसपास. ज्यांचे आजी-आजोबा सामाईक आहेत अशी चुलत, आते, मामे, मावस भावंडं, ज्यांना साइटवर "फर्स्ट कझन" म्हटलेलं दिसेल: सरासरी ८६६. ज्यांचे पणजी-पणजोबा सामाईक ते "सेकंड कझन": सरासरी २२९. खापरपणजोबा सामाईक असलेले "थर्ड कझन": सरासरी ७३. "वन्स रिमूव्हड" असं लिहिलं असेल तर तो माणूस एक पिढी वर किंवा खाली आहे. हे सरासरी आकडे डीएनएवरून वंशावळ शोधणारे अभ्यासक ब्लेन बेटिंगर यांनी हजारो लोकांकडून गोळा केलेल्या मोजमापांतले आहेत, आणि "डीएनए पेंटर" या साइटवर आकडा टाकला की कोणकोणती नाती शक्य आहेत ते मोफत दिसतं.

सरासरीभोवतीची व्याप्ती मोठी असते. फर्स्ट कझन ३९६ ला सापडतो तसा १,३९७ लाही. थर्ड कझनांपैकी साधारण दहातला एक यादीत येतच नाही, कारण दोघांच्या वाट्याला एकही सामाईक तुकडा आलेला नसतो. म्हणजे ओळखीचा दूरचा भाऊ यादीत दिसला नाही म्हणून नातं खोटं ठरत नाही. सेकंड कझन आणि त्याहून जवळचा माणूस दिसला नाही तर मात्र विचार करायची वेळ आली.

एक उदाहरण सावकाश बघू. यादीत वरच एक अनोळखी नाव आहे, पुढे ८७० सेंटीमॉर्गन. कंपनी म्हणते फर्स्ट कझन. पण ८७० म्हणजे पणजोबाही असू शकतात, आजीचा किंवा आजोबांचा सख्खा भाऊही असू शकतो, आणि आईचा किंवा वडिलांचा सावत्र भाऊही. आधी वय शोधा. वय तिशीत असेल तर पणजोबा बाद, आजीचा भाऊही बहुधा बाद. उरले दोन: फर्स्ट कझन किंवा सावत्र काका-मामा.

आता "सामाईक जुळण्या" उघडा. तुमच्याशीही जुळतात आणि त्याच्याशीही जुळतात अशा लोकांची ती यादी. समजा तिच्यात तुमची ओळखीची मावसबहीण आहे आणि वडिलांकडचं कुणीच नाही. म्हणजे हा माणूस आईकडचा. पुढचा प्रश्न जास्त धारदार आहे: त्या यादीत आईच्या वडिलांकडचे लोक आणि आईच्या आईकडचे लोक, असे दोन्ही बाजूंचे आहेत का? दोन्ही असतील तर तो तुमच्या आईच्या सख्ख्या भावाचा किंवा बहिणीचा मुलगा, कारण त्याच्याकडे आजी आणि आजोबा दोघांकडचा डीएनए आहे. फक्त आजोबांकडचेच असतील आणि आजीच्या माहेरचं एकही माणूस त्याच्याशी जुळत नसेल, तर तो बहुधा आजोबांचा, पण आजीचा नसलेला मुलगा: तुमच्या आईचा सावत्र भाऊ. आकडा एकच, पण सोबत कोण उभं आहे यावरून नातं बदललं. या कामातलं नव्वद टक्के कौशल्य एवढंच आहे, आणि म्हणूनच ओळखीच्या तीन-चार नातेवाइकांची चाचणी आधी झालेली असली की अनोळखी माणूस पटकन जागेवर बसतो.

ओळखीचं कुणीच यादीत नसेल, दत्तक गेलेल्यांच्या बाबतीत असंच असतं, तर डीएनएवरून वंशावळ शोधणाऱ्या डेना लीड्स यांनी २०१८ मध्ये मांडलेली रंगांची पद्धत वापरा. ४०० ते ९० सेंटीमॉर्गनमधली सगळी नावं एका स्तंभात लिहा. पहिल्या नावाला एक रंग द्या, त्याच्याशी सामाईक जुळणाऱ्या सगळ्यांना तोच रंग. मग बिनरंगाचं पुढचं नाव घ्या, त्याला दुसरा रंग. असं करत गेलात की बहुधा चार रंगांचे चार गट पडतात, चार आजी-आजोबांचे. मग एका गटातल्या लोकांच्या वंशावळी उघडून त्या सगळ्यांत समान असलेलं जोडपं शोधायचं. ते जोडपं तुमचे पूर्वज असण्याची शक्यता दाट, आणि तिथून खाली उतरत यायचं.

ही पद्धत एका ठिकाणी कोलमडते: पिढ्यान्‌पिढ्या आपापसांतच लग्नं होत आलेल्या समूहांत. अश्केनाझी ज्यू हे नेहमीचं उदाहरण, दक्षिण आशियातले कितीतरी समूहही त्यात मोडतात. तिथे दोन माणसं एका वाटेने नव्हे, सात-आठ वाटांनी नातेवाईक असतात. प्रत्येक वाटेचा छोटा तुकडा जमा होऊन एकूण आकडा फुगतो आणि पाचव्या-सहाव्या पिढीतला भाऊ सेकंड कझन वाटतो. अशा वेळी एकूण बेरजेपेक्षा सर्वांत लांब तुकडा बघा. एकूण ९० आणि सर्वांत लांब तुकडा ४५ असेल तर नातं अलीकडचं असण्याची आशा धरा. एकूण ९० पण सगळे तुकडे दहाच्या आतले, तर वेळ घालवू नका. सात सेंटीमॉर्गनपेक्षा लहान तुकडे तर कुठेही, कुणाच्याही बाबतीत, बाजूला ठेवलेले बरे. त्यांतले बरेच योगायोगाने जुळलेले असतात.

पायरी १०: अनोळखी नातेवाइकाला पहिला निरोप

छोटा लिहा. "नमस्कार. आपला डीएनए २१० सेंटीमॉर्गन जुळतोय. माझ्या आईच्या वडिलांकडच्या बाजूने असावा असं सामाईक नावांवरून वाटतं. तुमच्या पणजी-पणजोबांची नावं आणि ते कुठले हे सांगू शकाल का? माझ्याकडची वंशावळ पाठवतो." बस. पहिल्याच निरोपात "तुमचे आजोबा माझे खरे आजोबा असावेत" असं लिहू नका. समोरच्याला कदाचित यातलं काहीच ठाऊक नसेल, आणि तो निरोप त्याच्याऐवजी त्याची मुलगी वाचत असेल. पुष्कळ जण उत्तर देत नाहीत, वर्षभराने देतात, किंवा नावाच्या जागी नुसतं टोपणनाव असतं. त्याच्या वंशावळीत दोन-तीन नावं जरी उघडी असली तरी तेवढ्यावरून पुढची तुम्ही स्वतः बांधू शकता.

पायरी ११: कच्चा डेटा आणि आरोग्याचा मोह

उतरवलेली फाइल उघडलीत तर लाखो ओळी दिसतात, प्रत्येक ओळ अशी: आरएस ४९८८२३५ (हा त्या जागेचा ओळख क्रमांक), गुणसूत्र २, जागा १३६६०८६४६, आणि पुढे ए किंवा जी अशी दोन अक्षरं. ही ओळ मोठेपणी दूध पचवण्याच्या क्षमतेशी संबंधित आहे. असं एकेक उलगडत बसायला मजा येते आणि मग कुणीतरी ती फाइल आजारांचा अंदाज सांगणाऱ्या साइटवर टाकतं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा कच्च्या डेटात सापडलेले ४९ रुग्णांचे बदल वैद्यकीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासले, तेव्हा ४० टक्के बदल प्रत्यक्षात नव्हतेच. म्हणून काही घाबरवणारं दिसलं तर आधी डॉक्टरांमार्फत रीतसर चाचणी. तोवर औषध, शस्त्रक्रिया, विमा, काहीच ठरवू नका.

नंतरची देखभाल

यादीत नवी नावं येत राहतात, म्हणून महिन्यातून एकदा वरची पन्नास नावं चाळा आणि प्रत्येक उलगडलेल्या नावापुढे टीप लिहा, नाहीतर सहा महिन्यांनी तोच शोध पुन्हा करत बसाल. कच्च्या डेटाची प्रत खात्याबाहेर ठेवा, म्हणजे कंपनी बंद पडली तरी काम बुडत नाही. ज्या वयस्कर नातेवाइकाची चाचणी करून घेतली त्यांच्या खात्याची देखरेख पुढे कोण करणार, हे त्यांच्याच तोंडून ठरवून कुठेतरी लिहून ठेवा. आणि सगळं झाल्यावर खातं मिटवायचं असेल तर नुसतं लॉगआउट करून किंवा अ‍ॅप काढून काही होत नाही: आधी फाइल उतरवा, मग डेटा खोडण्याची आणि साठवलेला नमुना नष्ट करण्याची मागणी करा. काही ठिकाणी या दोन मागण्या वेगवेगळ्या द्याव्या लागतात. दोन्हींची पोच ईमेलवर आल्याशिवाय ते प्रकरण बंद झालं असं समजू नका.